पवळीची मोकळी पाठ

सुकी घळ बघायला लांबलांबून माणसं येतात. दोन्हीकडं तांबडे कडे, मधे पाण्याचा थेंब नाही, निवडुंगाशिवाय काही उगवत नाही, तरी येतात. आत खेचरावर बसून जायचं. खेचरांच्या पुढं एक घोडी चालते. तिच्या गळ्यात घंटा असते आणि पाठीवर काहीच नसतं. हे कुणाला बघवत नाही. कुणी म्हणतं, आमच्या आईला तिच्यावर बसवा. कुणी म्हणतं, निदान पिशव्या तरी टाका. नाही म्हटलं की तोंडं वाकडी होतात. म्हणून आधी ऐका, मग बसा.

खेचराची आई घोडी, बाप गाढव. लहानपणी आईमागं चाललेलं खेचर म्हातारं झालं तरी घोडीमागंच जातं. घोडी दिसली नाही तर तिच्या घंटेमागं जातं. हाकणाऱ्याला ते फारसं मोजत नाही.

फार मागं ह्या घळीच्या माथ्यावरल्या गावात हैबती नावाचा खेचरवाला होता. त्याची बायको राही. गावाचं मीठ-धान्य खालच्या बाजारातून ह्याच घळीनं यायचं. पुढं राही आणि पवळी घोडी, मधे खेचरं, सगळ्यात मागं हैबती, अशी चाल असायची. पवळीची आई तिला वितानाच मेली होती. राहीनं तिला चिंधी दुधात बुडवून वाढवलं होतं, असं सांगतात.

एका वर्षी दुष्काळ पडला. गावात चुली पेटेनात. हैबती खाली गेला, मिळेल तेवढी ज्वारी घेतली. खेचरं भरली तरी दोन गोणी उरल्या. त्यानं त्या पवळीवर टाकायला घेतल्या. राही आडवी आली.

"पुढचं जनावर भरायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?"

हैबती म्हणाला, "पोरं उपाशी आहेत गावात. त्यांना काय घोडीची रिकामी पाठ दाखवू?"

राही बाजूला झाली. तुम्ही झाला नसता का? त्याचं चुकलं, पण खोटं नव्हतं. पवळीला खोगीर नव्हतं, कारण ते कधी लागलंच नव्हतं. घोंगडी टाकून तिच्यावर गोणी आवळल्या.

घळीत एक जागा आहे, तिला आम्ही चिमटा म्हणतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी, मधे एका जनावरापुरती वाट. तिथं पवळीची गोणी कड्याला घासली. घोंगडी सरकली, ओझं दरीकडं कललं आणि घोडीचे मागचे पाय वाटेवरून सुटले. पुढचे गुडघे खडकावर टेकून ती लोंबकळत राहिली. गोणींची दोरी पोटाखाली होती, तिथं राहीचा हात पोचेना. हैबती पार मागं. मधे भरलेली खेचरं, पुढं यायला वाट नाही.

घोडी धडपडली की घंटा वाजायची. घंटा वाजली की मागचं खेचर पाऊल टाकायचं, ते दरीकडं, कारण आवाज आता तिकडून येत होता. घोडी गेली की घंटा तिच्याबरोबर खाली जाणार, आणि एकामागं एक सगळी खेचरं त्या घंटेमागं. मग गावाची ज्वारी गेली, गाव गेलं.

राहीनं घंटेची वादी सोडायला घेतली. चामड्याची गाठ, वजनानं घट्ट बसलेली. सुटेना. तिनं कमरेचा विळा काढून वादी कापली. त्या वेळी पवळीनं तिच्या हातात तोंड घातलं म्हणे, जसं चिंधीसाठी घालायची तसं. राहीनं हात काढून घेतला आणि घंटा वाजवत पुढं चालू लागली. खेचरांनी कड्याकडं अंग घेतलं आणि तिच्या मागं निघाली. मागं दरीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती थांबली असती तर खेचरं थांबली असती. ती थांबली नाही. गावाच्या वेशीपर्यंत तिनं मान वळवली नाही.

गाव जगलं. राहीनं मात्र ती ज्वारी तोंडात घातली नाही, कंदमुळांवर राहिली. हैबतीनं एकदा विनवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ह्या घळीत पुढच्या पाठीवर परत ओझं चढलं, तर घंटा वाजवायला मी नसेन."

नवस म्हणा, शाप म्हणा. तेव्हापासून चढलेलं नाही.

आजही घोडी मोकळीच चालते. आणखी एक आहे, ते कुणी विचारत नाही. खेचरांच्या साऱ्या दोऱ्या-वाद्यांना आम्ही पक्की गाठ मारतो. घोडीच्या घंटेला मात्र सुरगाठ, एका झटक्यात सुटणारी. रोज सकाळी मीच ती मारतो. घोडी आपणहून मान पुढं करते. ती गाठ कशासाठी, हे तिला कोण सांगणार?