गिटारला पाडलेलं भोक

“यातली कुठली घेऊ, तेवढं सांगा ना.”

विशाखाने तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन पॉलिशपेपरने घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिरजेतलं त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर टांगलेले भोपळे, खाली भुसा. दोन वर्षांपूर्वी विशाखा वाघमारे तिथे मैत्रिणीच्या गिटारची तार घ्यायला आली होती. तेव्हापासून दर रविवारी तासाभराच्या अंतरावरच्या आपल्या गावाहून एसटीने येत होती. उस्तादांना गिटार येत नव्हती. ते तिला ऐकायला शिकवत. तार सुटल्यावर सूर कुठे जातो, किती वेळ राहतो, एवढंच.

आज तिने दोन गिटार आणल्या होत्या.

एक कोरी, काळी, चकाकती. तिच्या कडेला बटणं आणि वायर खुपसायची जागा होती. सांगलीच्या दुकानदाराने पूर्ण पैसे ठेवून घेऊन ती संध्याकाळपर्यंत दिली होती. किंमत साडेआठ हजार.

दुसरी जुनी, मधाच्या रंगाची, पोटावर ओरखडे असलेली. एका निवृत्त मास्तरांची. पाच हजारांत मिळत होती. तिला वायर लावायची सोय नव्हती.

विशाखाकडे एकूण नऊ हजार होते. झेरॉक्सच्या दुकानात काम करून साठवलेले. त्यावर एक रुपया येणार नव्हता.

उस्तादांनी भोपळा बाजूला ठेवला. काळ्या गिटारच्या पोटावर बोटाने टकटक केलं. रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला आणि तिथेच मेला.

मग जुनीवर टकटक केलं.

आवाज खोलीभर फिरला. वरचा एक भोपळाही जरासा घुमला.

उस्तादांनी त्या जुन्या गिटारची मान डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून सरळ आहे का पाहिली. तारांखाली नख घालून उंची पाहिली.

“ही घे,” ते म्हणाले.

“हिला वायर लागत नाही.”

“मग?”

“मला वायर लागणारी हवी.”

“दहा वर्षांनी त्या काळीची बटणं हातात येतील. ही तेव्हा आत्तापेक्षा गोड बोलेल.”

“दहा वर्षं कुणाला आहेत, चाचा? मला परवा वाजवायचीय.”

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बोट केलं. दारावर त्यांच्याच हाताने रंगवलेली पाटी होती: इथे वाद्याला वायर बसवून मिळणार नाही.

“तीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “मोठे मोठे गवई आले. गाडीतून आले. हात जोडले. मी एकाच्याही वाद्याला भोक पाडलं नाही. लाकूड बोलतं, पोरी. वायर बोंबलते.”

“मग बोंबलू दे.”

हातोडी, छिन्नी, सगळं जागच्या जागी होतं. तरी खोलीत काहीतरी हलल्यासारखं झालं. उस्तादांशी असं कुणी बोलत नसे.

विशाखाचा आवाज चढला नाही. पण ती थांबलीही नाही.

“तुमच्या तंबोऱ्यापुढं माणसं चपला बाहेर काढून बसतात. खोकला आला तरी दाबतात. आमच्यापुढं काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?”

उस्तादांनी मांडीवरचा भुसा झटकला.

“शुद्ध आवाज ज्यांच्यापुढं लोक गप्प बसतात त्यांच्यासाठी असतो, चाचा. आमच्यापुढं कोण गप्प बसणार?”

मग तिने सांगितलं.

तिची आई शेवंताबाई गावात कचरा गोळा करणाऱ्या घंटागाडीवर अकरा वर्षं कामाला होती. कचऱ्यात फुटक्या काचा असतात, दवाखान्यातल्या सुया असतात. बायकांनी ठेकेदाराकडे हातमोजे आणि गमबूट मागितले. ठेकेदाराने एकतीस जणींना कामावरून काढलं. बारा दिवस त्या नगरपालिकेसमोर ताडपत्री टाकून बसल्या होत्या.

विशाखा तिथे मैत्रिणीच्या गिटारवर गायची. गाणं तिने बसवलं होतं, शब्द त्यातल्याच पाच जणींनी जुळवले होते. कुणाला कुठे कापलं, कुणाला काय टोचलं, जिचं तिचं कडवं.

“गाणं सुरू झालं की ठेकेदाराचा मुकादम घंटागाडी आणून आमच्यासमोर लावतो,” ती म्हणाली. “गाडीच्या भोंग्यावर कचरा वेगळा करा, गाव स्वच्छ ठेवा, तेच गाणं. पुन्हा पुन्हा. आम्ही थांबेपर्यंत. मंडपवाल्याने एक स्पीकर दिलाय. माइक एकच. तो गळ्यापुढं धरला की गिटार जाते, गिटारपुढं धरला की गळा जातो.”

उस्ताद उठले.

विशाखाला वाटलं, चहा सांगायला चालले. ते मागच्या बाजूला गेले. तिथे लाकूड घासायचं मशीन होतं. त्यांनी बटण दाबलं. खोली थरथरली. दात शिवशिवावेत असा आवाज.

ते परत येऊन मशीनच्या जवळच, तिच्यासमोर बसले. जुनी गिटार तिच्या हातात दिली. हाताने खूण केली.

वाजव.

विशाखाने वाजवायला सुरुवात केली. स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. तारेची थरथर फक्त छातीला लागत होती. तिने गळा उघडला. तोही बुडाला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. उस्ताद भिंतीसारखे बसून होते. तिसऱ्या कडव्याला तिचा आवाज चिरकला, ते तिला फक्त घशात कळलं. ती पुढे गातच राहिली. बोटांच्या टोकांना तारा रुतल्या. डोळ्यांत भुसा गेला. पाचवं कडवं शेवटचं होतं. ते संपल्यावर तिने पुन्हा पहिलं धरलं.

उस्ताद उठले आणि मशीन बंद केलं.

एकदम शांतता झाली. त्या शांततेत तिची शेवटची ओळ उघडी पडली, चिरकलेली, बेसूर.

“काही ऐकू आलं नाही,” उस्ताद म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग थांबली का नाहीस?”

“थांबले असते, तर मुकादमाला कळलं असतं, गाडी लावली की ही थांबते.”

उस्तादांनी तिच्या हातातली गिटार घेतली आणि आपल्या मांडीवर आडवी ठेवली.

मग म्हणाले, “काळी परत देऊन टाक. स्टेशनरोडला रेडिओचं दुकान आहे. लाकडाला आतून चिकटवायची चकती मिळते. वायर आणि ती खुपसायचं तोंड तिला लावूनच येतं. चांगली घे. हजार-बाराशे पडतील.”

विशाखाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“एखाद्या गोष्टीला तीस वर्षं नाही म्हणायचं, तर ती पुरती ठाऊक असावी लागते.”

सांगलीला काळी परत देऊन, मास्तरांचे पाच हजार चुकते करून ती चकती घेऊन आली तेव्हा उस्तादांनी गिटारच्या तारा उतरवून ठेवल्या होत्या. चकती रुपयाच्या नाण्याएवढी होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, एखाद्याने शत्रूचं पोरगं पहिल्यांदा हातात घ्यावं तशी. मग पोटावर बोटाने टकटक करत गेले. इथे, नाही. इथे, नाही. एका जागी बोट थांबलं.

“इथं आतून बसव.”

विशाखाने गिटारच्या पोटावरच्या गोल भोकातून हात घालून चकती बसवली.

उस्तादांनी गिटारच्या बुडाशी, पट्टा अडकवायच्या बटणाशेजारी पेन्सिलीने एक टिंब काढलं. वायरीचं तोंड तिथून बाहेर निघणार होतं. खुंटीवरचं गिरमिट काढलं. लाकडी मुठीचं, वडिलांच्या वेळचं. त्यांनी त्याची मूठ तिच्याकडे केली.

विशाखाने हात मागे घेतला.

“तुम्ही पाडा, चाचा.”

“माझ्या हातून होणार नाही. मी अब्बांना शब्द दिलाय.”

“मग मला कसं पाडू देता?”

“तू कुठं दिलायस?”

तिने गिरमिट घेतलं. टिंबावर टोक टेकवलं. आणि हात थांबला.

ते लाकूड टकटकल्यावर कसं घुमतं, ते तिने ऐकलं होतं. एका चुकीच्या दाबाने ते उभं फाटू शकत होतं. मग ना काळी, ना ही.

“भीती वाटते?”

“हो.”

“वाटू दे,” उस्ताद म्हणाले. “हात सरळ ठेव.”

ते तोंड फिरवून दाराकडे बघत बसले. भोक पडेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गिरमिटाखालून भुशाची बारीक वळी निघत राहिली…

दोन दिवसांनी, म्हणजे धरण्याच्या चौदाव्या दिवशी, विशाखा ताडपत्रीवर उभी राहिली. समोर एकतीस बायका. आणि त्यांच्यामागे, कुणालाही न सांगता एसटीने आलेले दस्तगीर उस्ताद, टोपी नीट करत मांडी घालून बसलेले.

तिने सुरुवात करताच घंटागाडी आली. मुकादमाने ती रोजच्या जागी लावली, भोंगा सुरू केला.

विशाखाने वायर खुपसली.

गिटार स्पीकरमधून आली. गोड नव्हती. जरा खरखरीत, जरा पातळ. पण भोंग्याच्या वरून आली. वर गळा आला. रस्त्यापलीकडचा सायकलवाला थांबला. नगरपालिकेच्या जिन्यावर दोन कारकून येऊन उभे राहिले. मुकादमाने भोंगा वाढवला. विशाखाने गिटार वाढवली.

तिसऱ्या कडव्याला स्पीकर गप्प झाला.

लाईन कुणीतरी नगरपालिकेच्या आतून बंद केली होती. माइक गेला. गिटार गेली. राहिला फक्त भोंगा.

उस्तादांनी डोळे मिटले.

विशाखाची बोटं तारांवरून उठली नाहीत. ती वाजवतच होती. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. ओठ मात्र दिसत होते. पुढच्या रांगेतल्या एकीने ते ओठ पाहून आपलं कडवं धरलं. मग दुसरीने.

शेवंताबाई उठली.

ती बुटकी बाई होती. पदर खोचून सरळ गाडीकडे गेली. मुकादम आडवा आला.

“हात लावू नकोस गाडीला.”

“माझी गाडी हाय,” शेवंताबाई म्हणाली. “अकरा वर्षं पुसलीया मी हिला. तू कवा पुसलीस?”

तिने मुकादमाच्या काखेखालून हात घातला. भोंग्याचं बटण कुठे आहे, ते तिला बघावं लागलं नाही.

भोंगा बंद झाला.

आणि जुन्या लाकडाचा आवाज, वायरीवाचून, माइकवाचून, ताडपत्रीवर आला. फार मोठा नव्हता. पण जिन्यावरचे कारकून दोन पायऱ्या खाली उतरले. सायकलवाल्याने सायकल स्टँडला लावली. कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं.

गाणं शेवटपर्यंत झालं. टाळ्या नाहीत. कुणी हललंही नाही.

मुकादमाला गाडीशी उभं राहवेना आणि जाताही येईना. इतक्या बायकांत एकच पुरुष बसलेला दिसला, म्हणून तो उस्तादांजवळ आला.

“चाचा, तुम्ही इथले दिसत नाही,” तो दरडावून म्हणाला. “तुमचं काय काम इथं?”

उस्तादांनी त्याच्याकडे वर पाहिलं. मग ते जरा सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“बस,” ते म्हणाले. “पुढचं गाणं लांब आहे.”