वीतभर नळी

“एकवीस झाल्या. अजून किती मारणार?”

अच्युतरावांनी किल्लीवरचा हात काढला नाही. “काय एकवीस?”

“सेल्फ. लिंबाखालून मोजतोय. पहिल्या धा जोरात होत्या. आता बॅटरी दमली.”

विचारणारे होते दस्तगीर उस्ताद. बार्शीच्या पुढे या फाट्यावर त्यांनी चाळीस वर्षं ट्रकांची डिझेल इंजिनं उघडली. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही, गॅरेजचं शटर खाली असतं आणि दिवस खाटेवर जातो. तरी आसपासच्या तालुक्यांत गॅरेज चालवणारे निम्मे लोक त्यांचेच शागीर्द. हे अच्युतरावांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी फार फरक पडला नसता.

कारण अच्युतराव नगरकर हे पुण्याच्या एका तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं इंजिन शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, ओटा, एसी आणि एसीसाठी डिझेलवर चालणारा जनरेटर. आज सकाळी या घरात बसून ते आणि निर्मलाबाई लातूरला निघाले. बाराच्या सुमाराला फाट्यावर थांबले, एसी लावून जेवले. उठून किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं कण्हलं.

आणि आज अडकून पडणं परवडणारं नव्हतं. लातूरच्या दवाखान्यात त्यांचा धाकटा भाऊ दिनकर होता. पाच वाजता त्याच्या हृदयाचं ऑपरेशन, साडेचारला आत नेणार. दोघा भावांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. काल दिनकरच्या बायकोचा, उषाचा, फोन आला. “भाऊजी, त्यांनी करायला सांगितलेला नाही. मीच करतेय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या.”

लातूर अजून दोन तासांवर होतं. निर्मलाबाईंनी दोनदा सुचवलं, येणाऱ्या ट्रकला हात करू या. अच्युतराव दोन्ही वेळा उसळले.

“आणि दिनूला काय सांगू? गाडी बंद पडली म्हणून?”

आता घड्याळात सव्वा वाजला होता.

“मला घाई आहे,” ते उस्तादांना म्हणाले.

“असंल की. किल्ली द्या.”

“तुम्ही चालू करणार?”

“न्हाई. खिशात ठिवणार.”

अच्युतरावांनी बायकोकडे पाहिलं.

“द्या हो,” निर्मलाबाई म्हणाल्या. “तुमच्याजवळ राहिली तर बाविसावी माराल.”

किल्ली उस्तादांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. हा त्यांचा जुना रिवाज. गाडी कुणाचीही असो, आधी किल्ली काढून घ्यायची. दुसरा रिवाज याहून जाचक होता: पाना गाडीवाल्यानेच धरायचा. उस्ताद नुसते शेजारी बसत.

“मी सगळं तपासलंय,” अच्युतरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “चौदा बाबी आहेत. बॅटरी, स्टार्टर, फ्यूज, फिल्टर... प्रत्येकीपुढे खूण केलीय. मी मुलांना हीच यादी शिकवायचो.”

“कुठल्या गाडीची यादी?”

“कुठल्याही डिझेल गाडीची.”

“हं...”

उस्तादांनी इंजिनावर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग बोटांनी चाचपत फिल्टरपाशी आले.

“एअर धरलीय.”

डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप हवाच दाबत बसतो आणि इंजिन उपाशी राहतं. त्याला ड्रायव्हर लोक एअर धरली म्हणतात. हे अच्युतरावांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

“शक्य नाही. टाकी अर्धी भरलेली आहे.”

“तो वरचा स्क्रू सैल करा.”

“सैल? अहो, मला गाडी चालू करायचीय.”

“मग सैल करा.”

अच्युतरावांनी स्क्रू सैल केला. फिल्टरवरचा हातपंप दाबू लागले. स्क्रूभोवती फेस आला. पांढरा, फसफसणारा, ओघळून मातीत जाणारा.

“डिझेल वाया चाललंय.”

“जाऊ द्या.”

“अजून किती?”

“तुम्ही लई विचारता, मास्तर.”

फेस कमी झाला. मग नितळ डिझेल आलं. स्क्रू आवळला. उस्तादांनी किल्ली दिली. “एकदाच.”

इंजिन लागलं! निर्मलाबाईंनी हात जोडले. अच्युतरावांच्या तोंडावर हसू येऊ लागलं, ते पुरतं येण्याआधीच इंजिनाला ठसका लागला, एकदा, दोनदा... आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

किल्ली परत उस्तादांच्या खिशात गेली होती. कधी गेली ते कळलं नाही.

अच्युतराव गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. घड्याळ बघायचे, रस्ता बघायचे, पुन्हा घड्याळ. पाच मिनिटांत चार फेऱ्या झाल्या. उन्हात डांबर चिकट झालं होतं.

“बसा की.”

“बसून पोचणार आहे का मी?”

“फिरून तरी कुठं पोचलाव?”

अच्युतराव थांबले. बसले मात्र नाहीत.

“घोडं कुठंतरी पेंड खातंय,” उस्ताद म्हणाले. “एअर काढली तरी परत आत येतीय. म्हंजी टाकीपासून इंजिनापर्यंतचा एखादा सांधा सैल हाय. सांधे किती?”

“सहा. सहाही बघितले. कंपनीचे आहेत, घट्ट आहेत.”

“मगाशी जेवताना घरघर ऐकू येत होती. काय होतं ते?”

“जनरेटर.”

“त्यो डिझेल कुठनं पितो?”

निर्मलाबाई एकदम रस्त्याकडे पाहू लागल्या. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“इंजिनाच्याच नळीतून,” अच्युतराव म्हणाले. “मध्ये एक तीन तोंडांचा पितळी जोड टाकलाय. टी म्हणतात त्याला. तो तपासायची गरज नाही.”

“का?”

“तो मी स्वतः बसवलाय.”

उस्ताद उठले. लुंगी झटकली. लिंबाकडे चालू लागले.

“अहो, कुठे निघालात?”

“गरज न्हाई म्हणालाव ना.”

“आपला तो बाब्या,” निर्मलाबाई पुटपुटल्या. पुटपुटणं चांगलं खणखणीत होतं.

अच्युतरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग इस्त्रीच्या शर्टानिशी गाडीखाली शिरले. भावाला भेटायला म्हणून तो शर्ट निर्मलाबाईंनी मुद्दाम काढून दिला होता.

निर्मलाबाई वाकून बघू लागल्या.

“अहो?”

“...ओला आहे.”

जोडाभोवती धुळीचा काळा चिखल झाला होता. तोंडावर चढवलेल्या नळीचं रबर तडकलं होतं, बारीक, नखाने चाचपल्यावर कळेल इतकं. जनरेटर डिझेल ओढताना त्या फटीतून हवाही ओढत होता. आज तासभर ओढली होती.

अच्युतराव बाहेर आले ते मातीतच बसले. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

“दिनू म्हणाला होता,” ते म्हणाले.

उस्ताद परत आले. “दिनू कोण?”

“धाकटा भाऊ. आयटीआयचा फिटर आहे. ही गाडी आम्ही दोघांनी मिळून केली. तो म्हणाला, दादा, एका नळीला दोन तोंडं लावू नकोस, जनरेटरला टाकीतून वेगळी नळी घे. मी म्हणालो...”

“काय म्हणालाव?”

“म्हणालो, आयटीआयवाल्याने इंजिनिअरला शिकवू नये. त्याच्या बायकोसमोर म्हणालो. त्याने हातातला पाना ठेवला आणि गेला. पुढे लातूरला नोकरी धरली. आज पाच वाजता त्याची छाती उघडणार आहेत, उस्ताद. आणि मी इथे.”

लिंबात पाखरं कालवा करत होती. उस्तादांनी तो थोडा ऐकून घेतला.

“जोड काढून टाका. नळी सरळ इंजिनाच्या पायपाला लावा. जनरेटर ऱ्हाऊ द्या बंद.”

“पोचणार नाही ती. जोड बसवताना मी नळी कापलीय. ती कुठून कशी गेलीय ते दिसत नाही. गाडीच्या तळाच्या फळ्या काढायच्या म्हणजे दोन-तीन तास.”

“नळी कुणी टाकली हुती?”

“...दिनूने.”

“मग त्याला इचारा.”

“तो दवाखान्यात आहे म्हटलं ना!”

“फोन हाय का न्हाई तिथं?”

अच्युतराव चिडले. भीती वाटली की ते चिडत. “दोन वर्षांनी पहिला फोन करायचा, तोही आजच्या दिवशी, आणि त्यात नळी विचारायची?”

“मग काय इचारणार हुता?”

 पुण्यापासून अच्युतराव मनात वाक्यं जुळवत आले होते. ‘झालं गेलं विसरून जा’ असं एक होतं. ‘मोठा भाऊ म्हणून माझंही काही’ असं एक होतं. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

त्यांनी फोन लावला.

“भाऊजी, कुठे पोचलात?” उषाचा आवाज घाबरा होता.

“त्याला दे.”

फोनवर श्वास ऐकू आला. दोन वर्षं न ऐकलेला, पण ओळखीचा.

“दिनू... गाडी बंद पडलीय.”



“टी?”

“हो.”

आता हसेल, असं अच्युतरावांना वाटलं. हसायचा त्याला हक्क होता.

“जनरेटरच्या खोक्यामागे हात घाल,” दिनकर हळूहळू म्हणाला. मध्ये दम घेत होता. “डावीकडे. नळीचं वेटोळं करून तारेने बांधलंय. वीतभर जास्तीची आहे. टी काढ, तडकलेलं टोक काप, वेटोळं सोड आणि नळी सरळ पाइपावर चढव. पोचेल.”

“जास्तीची? तू कशाला ठेवली होतीस?”

“...लागणार होती, दादा.”

अच्युतरावांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“सारखी सेल्फ मारत बसू नकोस. बॅटरी बसेल.”

“एकवीस मारल्या रे.”

आता मात्र तिकडून हसू आलं. त्यापाठोपाठ खोकला, आणि उषाचं रागावणं.

“ठेवतो,” दिनकर म्हणाला. “हळू ये.”

अच्युतराव रडले. त्रेसष्टाव्या वर्षी, रस्त्याच्या कडेला, बायकोसमोर आणि परक्या माणसासमोर रडले. हातांना डिझेल लागल्यामुळे डोळेही पुसता येईनात. निर्मलाबाईंनी पदराने पुसले आणि त्यांना परत गाडीखाली पाठवलं.

वेटोळं सांगितल्या जागी होतं. तार नीट पिळून, टोक आत वळवून बांधलेली, सोडणाऱ्याच्या बोटाला लागू नये म्हणून. नळी पाइपावर चढली, क्लिप आवळली. जनरेटरकडच्या नळीचं तोंड बांधून टाकलं. मग पुन्हा स्क्रू सैल, पुन्हा हातपंप, पुन्हा फेस. या वेळी अच्युतरावांनी डिझेल वाया जातंय असं म्हटलं नाही आणि अजून किती तेही विचारलं नाही. नितळ धार आल्यावरसुद्धा ते दाबतच राहिले.

“बास,” उस्तादच म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

तेविसावी सेल्फ दमलेली होती. एक कण्हणं... दुसरं... आणि इंजिनाने धरलं.

उस्तादांनी लगेच सोडलं नाही. गाडीच्या पत्र्याला कान लावून उभे राहिले, ओठ हलवत शंभरपर्यंत मोजलं. अच्युतराव शंभरही आकडे गप्प बसून राहिले. तोवर सव्वादोन झाले होते. एसी नव्हता, म्हणून निर्मलाबाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या.

“जावा.”

गाडी हलली आणि अच्युतरावांची पाठ पुन्हा थोडी ताठ झाली. वर्गात मुलाला शाबासकी देताना व्हायची तशी. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“उस्ताद, दिनूला तुमचं नाव सांगेन हं. माझ्या चौदा बाबींत जे सापडलं नाही, ते तुम्ही तासाभरात शोधून काढलंत!”

उस्ताद खिडकीशी आले. काढून टाकलेला पितळी जोड त्यांच्या हातात होता. तो त्यांनी अच्युतरावांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

“माझं नाव कशाला? फॉल्ट दोन वर्सामागंच सापडला हुता, मास्तर. गाडी तेवढी आज बंद पडली.”