झिजलेला ब्रिज

"हा हात कोणाचा?" मास्तरांनी विचारलं.

हेरंबला प्रश्न कळला नाही. तो शाबासकीची वाट बघत होता.

बेळगावच्या खांडेपारकर मास्तरांची जुनी इलेक्ट्रिक स्टील गिटार त्यांच्या मांडीवर होती. तिचा ब्रिज, म्हणजे तारांचा ताण पेलणारी आणि वाजवताना जिच्यावर तळहात टेकतो ती धातूची पट्टी, मागेच तुटला होता. तेव्हापासून मास्तर वाजवत नव्हते. कोणी दुसरा बसवून दिला, की ते तो काढायला लावत. आपल्या गुरूला पुन्हा एकदा ऐकायचं, या हट्टापायी हेरंबनं गावोगावचे जुने बाजार पालथे घातले होते. आज ब्रिज बसवून झाला होता आणि स्वारी भलतीच खुशीत होती.

"हात कसला, मास्तर? अस्सल ब्रिज आहे हा. त्याच कंपनीचा, त्याच सालचा. स्क्रूसुद्धा त्यातलेच. एकही भोक नवं पाडावं लागलं नाही."

"ते दिसतंय."

मास्तरांनी तळहात पुन्हा पट्टीवर टेकला आणि चटका बसावा तसा उचलला.

"इथे कोणीतरी आधीच बसलंय..."

हेरंबनं वाकून पाहिलं. पट्टीची चकाकी एका जागी उडाली होती. खालचं पितळ उघडं पडलं होतं आणि तिथे किंचित खोलगट झालं होतं. लहानशा तळहाताएवढं.

"घासून मुलामा देतो की," तो म्हणाला. "नव्यासारखं होईल."

मास्तरांनी पट्टीवर हात आडवा धरला. तान्ह्या बाळाला परक्यानं उचलू नये म्हणून आई धरते, तसा.

"बाई होत्या का?"

हेरंबनं चमकून वर पाहिलं. ही गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती.

"हो... इचलकरंजीच्या. सबनीस आडनाव. मध्यंतरी वारल्या. मुलीनं त्यांची गिटार मला देऊन टाकली; ब्रिज तिच्यावरचाच."

"कुठे वाजवायच्या?"

"कुठेच नाही. आतल्या खोलीत, दार लावून. घरात कोणाला आवडायचं नाही म्हणे. मुलगी म्हणाली, आम्ही आईला कधी नीट ऐकलंच नाही."

मास्तरांनी त्या खोलगट जागेवरून बोट फिरवलं.

"मी जन्मभर स्टेजवर वाजवलं रे," ते म्हणाले. "माझा ब्रिज तुटला. झिजला कधीच नव्हता..."

त्यांनी वाकून त्या खोलगट जागेला कपाळ लावलं. मास्तरांना असं वाकताना हेरंबनं आजवर फक्त त्यांच्या गुरूंच्या तसबिरीपुढे पाहिलं होतं. आपण काय पुसून टाकायला निघालो होतो, या विचारानं त्याला धास्तीच वाटली.

"त्यांची गिटार कुठे आहे?"

"खाली, गाडीत. पण तिच्यात काही उरलं नाही, मास्तर. तारांचा आवाज उचलणारा पिकअप जळलाय, खुंट्या गंजल्यात. नुसतं लाकूड आहे."

"वर आण."

हेरंबनं ती आणून सतरंजीवर ठेवली. मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. तारा सैल केल्या, स्वतःच्या गिटारीवरचा ब्रिज सोडवला आणि त्या लाकडावर, त्याच्या जुन्या जागी ठेवला. तो अलगद बसला.

मग स्क्रूड्रायव्हर हेरंबच्या हातात देऊन त्यांनी आपली गिटार त्याच्यापुढे सरकवली.

"हिचा पिकअप काढ. खुंट्याही काढ. तिकडे लाव."

"मास्तर!" हेरंबला रडू फुटायचंच बाकी होतं. "मग तुमच्या गिटारीत राहील काय? ही पुन्हा वाजावी म्हणून तर मी जिवाचं रान केलं. बरोबर ब्रिज मिळावा म्हणून..."

"ब्रिज तू बरोबरच शोधलास," मास्तर म्हणाले. "गिटार चुकली होती."