उचललं, म्हणे

त्या दिवशी सातपुड्याकडून बोचरा वारा सुटला होता. ऊन होतं, पण नावापुरतं. उखागिरी बाबा मठीच्या ओट्यावर घोंगडी पांघरून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, पोरांना खरंखोटं पारखायला शिकवायचं तरी कसं?"

विचारत होते बोरसे सर. राहायला मठीच्या शेजारीच, शिकवायला कॉलेजात. मनाला काही लागलं की लहानपणापासून याच ओट्यावर येऊन बसायचे.

"तू शिकवतोस की. ते काय... पोरांचं पान?"

"डिजिटल पोर्टफोलिओ. प्रत्येकाचं कॉम्प्युटरवर आपापलं. वर्षभर जे जे शोधलं ते त्यात मांडायचं. आणि खाली लिहायचं, हे कुठून कळलं, कोणाला विचारलं, खरं कशावरून मानलं."

"झकास आहे. मग?"

"मग काय! ती नगमा तडवी. वर्गात सगळ्यांत हुशार. केळीच्या बागेला पाणी किती लागतं, त्यावर पोर्टफोलिओ केला. आणि सगळं दुसऱ्याचं उचललेलं. आज नापास करून टाकतो."

"नापास झाली तर?"

सरांनी नजर वळवली.

"बाप कॉलेज बंद करेल तिचं... पण मी काय करू, बाबा? चोरी ती चोरी."

बाबांनी एक शेंग सोलली. दुसरी घेतली.

"गल्लीत बोलतात, तू वशिल्यानं नोकरीला लागलास, म्हणे."

सर ताडकन उठले. "कोण बोलतं?"

"तीनचार तोंडांनी ऐकलं. म्हणजे खरंच असेल."

"असेल कसं? अहो, मला एकदा विचारायचं तरी! भिंतीला भिंत लागून राहतो, परगावी राहतो का मी?"

बाबांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

वारा ओट्यावरची टरफलं इकडून तिकडे लोटत होता. सरांच्या कानात त्यांचाच आवाज घुमत राहिला. ते हळूच खाली बसले.

"पोरीनं उचललं, हे तुला कोणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरनं. तो दुसऱ्यांच्या लिखाणाशी ताडून बघतो ना."

"आणि पोर काय म्हणाली?"

सर ओट्यावरची टरफलं गोळा करू लागले.

"काय म्हणाली?"

"तिला विचारलंच नाही, बाबा."

"हं. उचललं, म्हणे." बाबांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी मूठभर हिरवे दाणे सरांच्या हातावर ठेवले. "खा. सकाळपासून उपाशी दिसतोस."

सरांनी दाणे खाल्ले, चपला पायांत सरकवल्या. तडव्यांचं घर नदीपलीकडे होतं. दोन पावलं गेले अन् थबकले.

"बाबा, आणि तिनं खरंच उचललं असेल तर?"

"तर तिच्याच तोंडून ऐकशील. तेवढं तरी तुझं उचललेलं नसेल."