भाऊसाहेब आणि सात पायऱ्या

भाऊसाहेब खराटे दान करायचे ते हातात माइक धरूनच. यंदा अपंगांसाठी आठ नव्या व्हीलचेअर आणून त्यांनी सात पायऱ्यांच्या उंच स्टेजवर रांगेत मांडल्या होत्या. समाजकार्याच्या कॉलेजातली तेजल फील्डवर्कसाठी आली होती. तिला पहिल्या रांगेत पाहून भाऊसाहेब माइकवरूनच म्हणाले, "पोरी, समाजसेवेला कॉलेज कशाला? मी चाळीस वर्षं न शिकताच करतोय. आणि शिकून तुला नोकरी कसली मिळणार?"

मांडव हसला. तेजल उठली. "सांगते, भाऊसाहेब. आधी पहिलं नाव तर पुकारा."

"हौसाबाई ढगे, स्टेजवर या."

कुणी आलं नाही. भाऊसाहेबांनी पुन्हा पुकारलं. तेव्हा खालच्या सतरंजीवरून हौसाबाई म्हणाल्या, "येते की, साहेब. तेवढी खुर्ची खाली पाठवा."

आता मांडव दुप्पट हसला. भाऊसाहेबांनी पायऱ्यांकडे पाहिलं, माइकवर हात ठेवला आणि वाकून तेजलला विचारलं, "या लोकांना वर आणायचं कसं गं?"

"हाच प्रश्न आठ दिवस आधी विचारायला पगारी माणूस ठेवतात, भाऊसाहेब," तेजल म्हणाली. "तीच आमची नोकरी."