परीचा किर्रकिर्र स्क्रू ड्रायव्हर

यमूच्या घरातला तांदळाचा डबा रिकामा होता आणि आईचं शिलाई मशीन बंद पडलं होतं. सुईखालच्या पत्र्यात दोऱ्यांचा गुंता अडकला होता. पत्रा काढायचा तर एक इवलासा स्क्रू सोडवायला हवा. संध्याकाळपर्यंत नाचाचे सात झगे शिवून दिले नाहीत, तर घरात भात शिजणार नव्हता.

मग शिवराममामा आले. अशा वेळी मोठी माणसं येतातच.

"त्यात काय? यमे, सुरी आण."

यमूने भाजीची सुरी दिली. मामांनी ती खाचेत घालून पिळली. सुरी सटकली आणि खाच झिजून गुळगुळीत झाली.

"पोरीने आधीच बिघडवून ठेवलाय," मामा म्हणाले. आईने मान डोलावली. मोठ्यांचं खोटं घरात चालतं.

यमू रडत घरामागच्या बागेत गेली. तिथे झेंडूच्या केशरी फुलावर करंगळीएवढी परी बसली होती. तिचा एक पंख लोंबत होता.

"पंखाचा स्क्रू ढिला झालाय गं. घट्ट करतेस? पण हळू, पंख काचेचा आहे."

यमूने आधी खाच नीट पाहिली. अंगठ्याचं नख जाड पडलं, करंगळीचं बरोबर बसलं. तिने हलकेच फिरवलं. पंख ताठ झाला आणि फुलांवर निळे, हिरवे, गुलाबी कवडसे नाचू लागले.

"आता माग काय हवं ते. नवं मशीन देऊ?"

"नको. आमचं मशीन चांगलंय. स्क्रू तेवढा अडकलाय."

परी खुदकन हसली. तिने मखमली पिशवी उघडली. आत लाडवासारख्या गोल लाकडी मुठीचे जुने स्क्रू ड्रायव्हर होते, चांदणीच्या टोकाचे होते, आणि एक होता हिरव्या, चमचमत्या मुठीचा.

"हा उचलून पुन्हा पुन्हा लावावा लागत नाही. मूठ मागे फिरवली की टोक जागच्या जागी राहतं. पुढे फिरवली की स्क्रू फिरतो."

किर्र, किर्र. यमू रडायचं विसरली. तिने उगाचच दहा वेळा फिरवून पाहिला.

"नियम दोन," परी म्हणाली. "जोर लावायचा नाही. आणि ज्याने खाच बिघडवली, त्याने कबूल केल्याशिवाय हा चालणार नाही."

"मामा? ते कबूल करतील होय?"

"विचारून तर बघ." परी तिच्या वेणीत जाऊन बसली.

यमूने घरी नियम सांगितला. मामा म्हणाले, "मग तूच म्हण की, मी बिघडवला. तुझं काय जातंय?"

ऊन उंबऱ्यावरून सरकत होतं. आई नुसत्या कापलेल्या झग्यांकडे बघत होती. यमूने हिरवा स्क्रू ड्रायव्हर खाचेत टेकवला.

"मी नाही बिघडवला. पण सुरी मी दिली. ती जाड होती, मला दिसत होतं. भीतीने मी बोलले नाही."

किर्र. स्क्रू केसभर हलला आणि थांबला.

मामांची मान लाल झाली. "सुरीच जाड होती," ते भिंतीला म्हणाले.

काहीच हललं नाही.

"मामा, नीट सांगा ना," यमू हळूच म्हणाली.

मामा भिंतीकडून यमूकडे वळले. मग म्हणाले, "मीच बिघडवला. आणि पोरीवर ढकललं."

किर्रकिर्रकिर्र! स्क्रू वर आला आणि सोन्याच्या दाण्यासारखा यमूच्या तळहातावर पडला.

आईने गुंता काढला. मशीन धावू लागलं. मामांना बटणं लावायला बसवलं. दोन वाकडी लागली, ती आईने उसवायला लावली. "तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता मी," ती यमूला म्हणाली. उशिरा म्हणाली, पण म्हणाली.

सातवा झगा झाला तेव्हा परी खिडकीत उतरली. "स्क्रू ड्रायव्हर तुझाच. आता कुठलाही अडलेला स्क्रू तुझं ऐकेल."

तिचे पंख आधी सोनेरी झाले, मग पांढरे, मग नुसता उजेड. झगे पोचवून मामांनी तांदूळ आणले, आणि चुलीवर भाताला कढ येईपर्यंत तो उजेड घरभर होता.