कचऱ्याचा भाव

वडिलांनी चाळीस वर्षं जमवलेली जुन्या नाण्यांची पेटी मालती उपळेकरबाईंच्या वाट्याला आली. नाण्यांतलं त्यांना काहीच कळत नव्हतं. तरी पेटी घेऊन त्या एकट्याच साताऱ्याला बापूसाहेब कारखानीसांच्या दुकानात गेल्या. जुन्या नाण्यांत बापूसाहेबांचा शब्द शेवटचा, असं सगळे म्हणत.

बापूसाहेबांनी भिंगातून सगळी नाणी न्याहाळली आणि चांदीचं एक नाणं बाजूला ठेवलं. "बाई, कामाचं एवढंच. बाकी सगळा कचरा. तरी तुमच्या वडिलांकडे बघून अख्ख्या पेटीचे दहा हजार देतो. आत्ता बोला, उद्या हा भाव नाही."

मालतीबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मग दहा हजारांत तेवढं नाणंच ठेवा," त्या म्हणाल्या. "कचरा मी घरी नेते."

बापूसाहेबांनी झटकन पेटीवर हात ठेवला. "छे, छे! घेईन तर सगळी पेटीच घेईन."

"कचऱ्यावर एवढा जीव, बापूसाहेब? मग आधी त्याचाच भाव सांगा."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. बापूसाहेबांनी घाम पुसला, भिंग पुन्हा उचललं आणि एकेका नाण्याची किंमत सांगायला सुरुवात केली.